ग्लॉसी की मॅट? आधी ओटीवरचा उजेड कुठून येतो ते बघा

वेंगुर्ल्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात एकच लॅपटॉप घ्यायचा आहे, बजेट साठ-पासष्ट हजार. दिवसा बहीण ओटीवर बसून जीएसटी आणि हिशेबाची कामं करणार, रात्री तुम्ही लग्नाचे फोटो एडिट करून अल्बम लावणार. दुकानदार ग्लॉसी स्क्रीनचं मॉडेल पुढे करून 'कलर बघा साहेब' म्हणतो, तर मित्र म्हणतो मॅटच घे, नाहीतर डोळे जातील. शेवटी तुम्ही असंही विचारलंय, की ग्लॉसी घेऊन वर मॅट फिल्म चिकटवली तर दोन्ही साधेल का.

मी लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात आहे. फुटलेली, रेघा आलेली पॅनेलं बदलणं हे त्यातलं रोजचं काम. बऱ्याच मापांची पॅनेलं ग्लॉसी आणि मॅट अशा दोन्ही रूपांत मिळतात, आतला माल तोच, फक्त वरचा थर वेगळा. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून बघायला मिळतात. शोरूममध्ये ते जमत नाही, कारण तिथे स्क्रीनबरोबर सगळा लॅपटॉपच वेगळा असतो आणि फरक नेमका कशाचा ते कळत नाही.

तुमच्या घरासाठी माझं उत्तर मॅट. पण मॅट चांगली आणि ग्लॉसी वाईट, असं काही नाही. लॅपटॉप फक्त तुम्हीच वापरणार असतात आणि तोही रात्रीच, तर मी कदाचित उलटं सांगितलं असतं.

गुळगुळीत काचेवर किंवा प्लास्टिकवर समोरून जो प्रकाश पडतो, त्यातला साधारण ४ टक्के परत फिरतो. हे दोन्ही प्रकारच्या स्क्रीनला लागू आहे. मॅट स्क्रीन हा प्रकाश गिळून टाकते असा एक समज आहे, तो खरा नाही. मॅटमध्ये सगळ्यात वरच्या फिल्मचा पृष्ठभाग डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक खडबडीत केलेला असतो, त्यामुळे तेवढाच प्रकाश सरळ परत न येता चहूकडे विखुरतो. बाथरूमच्या खिडकीची दुधी काच आठवा: उजेड येतो, आकार दिसत नाही. ग्लॉसीमध्ये पाठीमागचं दार दारासारखंच दिसतं, मॅटमध्ये त्याच जागी पांढुरका धुरकट पट्टा दिसतो. तक्रार दोघींचीही होऊ शकते, फक्त वेगवेगळी.

आता हे आकड्यांत बघू. स्क्रीनची चमक निट्समध्ये मोजतात. साध्या लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण वाढवून २५० निट्सच्या आसपास जाते. बहीण ओटीवर अंगणाकडे पाठ करून बसली, तर स्क्रीनसमोर काय येतं? मोकळं आकाश. दिवसाचं आकाश, मग ते ढगाळ असलं तरी, सहज काही हजार निट्सचं असतं. ३००० धरा. त्याचे ४ टक्के म्हणजे १२० निट्स. म्हणजे २५० निट्सच्या स्क्रीनवर १२० निट्सचं अंगण उमटलेलं, आणि त्यातून तिला जीएसटीच्या पोर्टलवरचे बारीक आकडे वाचायचे. पावसाळ्यात हे कमी होईल असं वाटतं, पण कोकणातलं पावसाळी आकाश म्हणजे दिव्याचा एक अवाढव्य पांढरा पडदाच असतो. ऊन नाही म्हणून कवडसा पडत नाही इतकंच, प्रतिबिंब मात्र दिवसभर टिकतं.

अशा वेळी मॅट स्क्रीन अंगणाची रेखीव प्रतिमा मोडून टाकते आणि तोच प्रकाश मोठ्या भागावर पातळ पसरवते. अक्षरं थोडी फिकी होतात, पण वाचता येतात. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, एक्सेलचे तक्ते, सरकारी पोर्टल, असल्या कामात ही सौम्य धुरकट झाक जाणवतही नाही. ग्लॉसीवर दाराची चौकट, झावळ्या आणि स्वतःचं डोकं यांच्या मधून वाचावं लागतं.

रात्रीची गोष्ट वेगळी. खोलीत एक ट्यूबलाइट, तुमच्या पाठीमागे फिक्या रंगाची भिंत. भिंतीवर २०० लक्स प्रकाश पडतोय असं धरलं तर ती भिंत ४५ निट्सच्या आसपास उजळते आणि स्क्रीनवरून त्यातले जेमतेम २ निट्स परत येतात. किरकोळ वाटतं ना? पण १०००:१ कॉन्ट्रास्ट (म्हणजे पांढरा काळ्याच्या हजारपट उजळ) असलेल्या २५० निट्सच्या पॅनेलवर काळा रंग पाव निटाचा असतो. त्यात २ निट्स मिसळले की हजाराचा कॉन्ट्रास्ट शंभर-सव्वाशेवर येतो. नवऱ्याच्या काळ्या शेरवानीवरची घडी दिसेनाशी होते ती इथे. भिंत सगळीकडे सारखी असेल तर दोन्ही स्क्रीन जवळपास सारख्याच फिक्या पडतात. पण पाठीमागे अंधार असेल आणि दिवा एका कोपऱ्यात, तर ग्लॉसी पुढे जाते. तिच्यावर दिव्याचा एक ठिपका दिसतो आणि बाकीचा काळा काळाच राहतो. मॅट त्या दिव्याचा थोडा थोडा प्रकाश आजूबाजूला पसरवते. दुकानदार जे दाखवतो ते खोटं नाही, फक्त ते अंधाऱ्या खोलीतलं खरं आहे.

मग एकाच लॅपटॉपवर दोन वेगळी कामं होत असतील तर निवड कुणासाठी करायची? माझ्या मते ज्याच्या हातात उजेड नाही त्याच्यासाठी. रात्री तुम्ही ट्यूब बंद करू शकता, दिवा मागून काढून बाजूला ठेवू शकता, भिंतीला गडद चादर टांगू शकता. बहीण आकाश बंद करू शकत नाही, आणि ओटीवरून उठून माजघरात बसा असं तिला सांगण्यात अर्थ नाही, कारण क्लायंट ओटीवरच येणार. म्हणून मॅट घ्या, आणि रात्रीची खोली त्या मॅट स्क्रीनसाठी थोडी सुधारा. उलटं केलंत तर ग्लॉसी स्क्रीनसाठी दिवसाची ओटी सुधारावी लागेल, आणि ते होणारं नाही.

बसण्याच्या दिशेबद्दलही सांगतो, त्याला पैसे पडत नाहीत. अंगणाकडे पाठ म्हणजे प्रतिबिंब. अंगणाकडे तोंड केलं तर प्रतिबिंब जातं, पण स्क्रीनच्या मागे लख्ख आकाश येतं, डोळे त्या उजेडाला जुळवून घेतात आणि स्क्रीन विझल्यासारखी वाटते. उजेड बाजूने येईल असं आडवं बसावं. ग्लॉसीवाल्यांसाठी आणखी एक: स्क्रीन १० अंश कलवली की प्रतिबिंब २० अंश सरकतं, त्यामुळे एखाद्या बल्बला चुकवणं सोपं असतं. आकाशाला चुकवता येत नाही.

डोळे जातात का, हा मित्राचा मुद्दा. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. पण ग्लॉसी काचेमुळे नंबर वाढतो असं मानायला मला काही कारण दिसत नाही. थकवा येतो तो दोन गोष्टींमुळे. एक, स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात, आणि ते दोन्ही स्क्रीनवर होतं. दुसरी गोष्ट खास ग्लॉसीची: गुळगुळीत स्क्रीनवर दिसणारं दार स्क्रीनच्या पातळीवर नसतं. ते तुमच्या मागे जितकं लांब, तितकंच स्क्रीनच्या आत खोल दिसतं. म्हणजे डोळ्यांपुढे एकाच जागी दोन अंतरांवरची चित्रं असतात आणि नजर अधूनमधून भलत्यावर जाऊन परत येते. मॅटवरची धुरकट झाक स्क्रीनच्या पातळीवरच असते, म्हणून ती सोसते. याशिवाय, प्रतिबिंब चुकवायला मान वाकडी करून बसणारी माणसं मी काउंटरवर नेहमी बघतो. त्यांची तक्रार डोळ्यांची असते आणि दुखत असते मान.

आता 'कलर बघा'. ग्लॉसी स्क्रीनवर रंग दाट वाटतात ते प्रामुख्याने काळा अधिक काळा दिसतो म्हणून. पॅनेल किती रंग दाखवू शकतं हे वरचा थर ठरवत नाही, आतले फिल्टर आणि बॅकलाइट (पॅनेलच्या मागचा दिवा) ठरवतात. आणि इथेच खरी फसगत होते. या बजेटमधल्या बऱ्याच लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असतं. याचा अर्थ, वेबवर आणि बहुतेक फोटो-लॅबमध्ये चालतो त्या एसआरजीबी रंगपट्ट्याचा साधारण दोन-तृतीयांश भागच ती स्क्रीन दाखवते. शालूचा गडद लाल आणि हळदीचा पिवळा दोन्ही मवाळ दिसतात. मग माणूस सॅच्युरेशन वाढवतो, आणि अल्बम छापून आला की नवरीचा चेहरा नारिंगी. असं पॅनेल ग्लॉसी असो की मॅट, तुमच्या कामाचं नाही. '१०० टक्के एसआरजीबी' किंवा '७२ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं शोधा, दोन्ही साधारण एकच. गंमत म्हणजे मॅट स्क्रीन फिकी असते ही बदनामी बरीचशी या स्वस्त पॅनेलांमुळे झाली आहे, कारण ती बहुतेक मॅटच येतात. दुकानात ४५ टक्क्यांची मॅट आणि शेजारी महागडी ग्लॉसी ठेवली, की दोष खरखरीत थराच्या माथी जातो.

दुसरी अट चमकेची. ओटीवर बसायचं तर ३०० निट्सच्या खाली जाऊ नका, ४०० मिळाले तर उत्तम. २५० निट्सची मॅट स्क्रीन दिवसा ओटीवर दमते, हे आधीच सांगून ठेवतो. वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की बरीच मॉडेलं स्क्रीन आपोआप मंद करतात. आकाश तेवढंच राहतं आणि स्क्रीन निम्मी होते. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, पण बॅटरी लवकर उतरेल, कारण लॅपटॉपच्या खर्चातला मोठा वाटा बॅकलाइटचा असतो.

माहितीपत्रक वाचताना अँटी-ग्लेअर आणि अँटी-रिफ्लेक्टिव्ह यांत गल्लत करू नका. अँटी-ग्लेअर म्हणजे आपली मॅट. अँटी-रिफ्लेक्टिव्ह म्हणजे चष्म्याच्या काचेवर असतो तसा पातळ लेप, जो परत येणारा प्रकाशच कमी करतो. चांगला लेप असेल तर ४ टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांवर. अशी स्क्रीन दिसायला ग्लॉसीच असते, पण प्रतिबिंब अंधूक आणि जांभळट-हिरवट दिसतं. हे दोन्हींतलं उत्तम, पण साठ-पासष्ट हजारांत क्वचितच सापडेल. याच्या उलट टोकाला स्वस्त टचस्क्रीन. त्यात पॅनेलच्या वर वेगळी काच असते, आणि मध्ये हवेची फट राहिली असेल तर प्रकाश परतवणारे आणखी दोन पृष्ठभाग वाढतात. हिशेबाला आणि फोटोंना टच लागत नाही, त्यामुळे त्याच्या नादी लागू नका.

ग्लॉसीची लाट आली ती २००० नंतरच्या दशकात. सोनीची 'एक्स-ब्राइट', एचपीची 'ब्राइटव्ह्यू', डेलची 'ट्रूलाइफ', सगळी नावं त्याच चकचकाटाची. शोरूमच्या दिव्यांखाली लॅपटॉप उठून दिसायचा. अॅपलने २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोपासून मॅटचा पर्याय काढून टाकला आणि २०२४ मध्ये 'नॅनो-टेक्स्चर' म्हणून जादा पैसे घेऊन परत आणला. ऑफिसातली दुनिया मात्र मॅटला धरून राहिली. युरोपात तर १९९० च्या निर्देशातच ऑफिसच्या स्क्रीनवर त्रासदायक चमक आणि प्रतिबिंबं नसावीत अशी अट आहे. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या ऑफिसच्या मालिकांत आजही बहुतांश मॅटच दिसते ती उगीच नाही.

फोटोंसाठी मॅट चालेल का, ही तुमची धाकधूक मी समजू शकतो. छपाईसाठी रंग तपासणारे लोक जे आयझोचे कलरएज मॉनिटर वापरतात, तेही मॅटच असतात, आणि वरून काळं झाकण लावून बाजूचा उजेड अडवलेला असतो. झाकण तुम्ही काळ्या कार्डशीटचंही करू शकता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्री एडिटिंग करताना चमक १०० ते १२० निट्सवर आणा. ३००-४०० निट्सची स्क्रीन असेल तर साधारण तिसरा हिस्सा, पण स्लायडरचा टक्का म्हणजे तेवढेच निट्स असं नसतं. म्हणून जवळ पांढरा कागद धरून स्क्रीनवरचं पांढरं पान त्याच्या जवळपास दिसेल इतकी खाली घ्या. 'स्क्रीनवर छान होतं, करिझ्मा अल्बम काळपट आला' ही तक्रार घेऊन फोटोग्राफर माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना पॅनेल बदलून हवं असतं. बहुतेकांचा ब्राइटनेस पूर्ण वर असतो. उजळ स्क्रीनवर फोटो उजळ दिसतो, म्हणून ते एक्स्पोजर खाली ओढतात, आणि कागदाला स्वतःचा दिवा नसतो. रात्री अंगात पांढरा शर्टही नको, स्क्रीनपुढचा तो सगळ्यात मोठा आरसा असतो. शक्य झालं तर पुढे कधीतरी कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) भाड्याने किंवा मित्राकडून घेऊन एकदा स्क्रीनचं कलर प्रोफाइल करून घ्या.

या बजेटमध्ये ओएलईडीचाही, म्हणजे जिचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो त्या स्क्रीनचाही मोह होईल. काळा रंग तिथे खरोखर काळा, रंगपट्टाही मोठा. पण बहुतेक ग्लॉसी, आणि पाठीमागे उजेड असला की तो सुंदर काळा पहिला बळी जातो. शिवाय मोठ्या रंगपट्ट्याची स्क्रीन एसआरजीबी मोडवर आणली नाही, तर सगळंच भडक दिसतं आणि तुम्ही फोटो विनाकारण मवाळ करून बसाल. दिवसभर एकाच जागी राहणारा टॅलीचा किंवा एक्सेलचा साचा ओएलईडीवर हळूहळू ठसा सोडू शकतो. तुम्ही एकटे असतात तर हरकत नव्हती.

आता फिल्मचं. मी तुमच्यासाठी सुचवणार नाही. मॅट थर पिक्सेलच्या जितका जवळ तितकं चित्र रेखीव. मध्ये काच आणि डिंक आला की अक्षरांच्या कडा पसरतात आणि पांढऱ्या पानावर बारीक रंगीत चमचम दिसते. फोटोचं शार्पनिंग अशा फिल्मवरून ठरवणं अशक्य. धूळ अडकते, बुडबुडे राहतात, आणि हल्लीच्या पातळ लॅपटॉपात झाकण मिटल्यावर स्क्रीन आणि कीबोर्ड यांत जागाच उरत नाही. ज्यांच्याकडे आधीपासून ग्लॉसी आहे आणि काम फक्त लिखापढीचं आहे, त्यांना मी कडेला लटकवायची, न चिकटणारी फिल्म सांगतो, रात्री काढून ठेवता येते. आणि उलटा उद्योग, म्हणजे ओले टिश्यू ठेवून मॅट थर सोलायचा आणि ग्लॉसी करायची, हे व्हिडिओ बघून कृपया करू नका. खाली पोलरायझर असतो, म्हणजे चित्र दिसण्यासाठी लागणारी प्रकाश गाळणारी फिल्म, तो फाटला की पॅनेल गेलं.

'नंतर पॅनेल बदलता येईल ना?' असं तुम्ही पुढे विचाराल म्हणून: १५.६ इंची, फुल एचडी, ३० पिनांच्या जोडणीचं साधं पॅनेल असेल तर बहुधा हो, काही हजारांत, आणि मॅट सहज मिळतं. टच असेल किंवा काच झाकणाला चिकटवलेली असेल, तर बऱ्याचदा पूर्ण वरचा भागच बदलावा लागतो आणि हिशेब बसत नाही.

दुकानात जाताना बहिणीला घेऊन जा आणि डेमोचा व्हिडिओ बंद करायला सांगा. काळ्या पार्श्वभूमीवर फुलं उमलणारे ते व्हिडिओ कुठल्याही स्क्रीनवर छानच दिसतात. पेनड्राइव्हवर तीन गोष्टी न्या: पूर्ण काळं चित्र, एक्सेलची भरलेली फाइल, आणि तुम्ही छापून घेतलेल्या अल्बममधला एक फोटो. छापील पानही बरोबर न्या. आधी 'व्हिव्हिड' वगैरे मोड बंद करून फोटो पानाशेजारी धरा. मग चार्जर काढा, लॅपटॉप दुकानाच्या दाराशी आणा, रस्त्याकडे पाठ करून उभं राहा. दुकानदार थोडी कुरकुर करेल. एक्सेल बहिणीला वाचायला द्या. पांढऱ्या पानावर वाळूसारखे दाणे दिसत असतील तर ती मॅट जाड थराची आहे, दुसरं मॉडेल बघा. सगळ्या मॅट सारख्या नसतात. काळं चित्र लावून शेवटी कोपऱ्यांतून बॅकलाइट गळतोय का तेही बघून घ्या, बिल झाल्यावर ते 'नॉर्मल' ठरतं.

पुसायचं म्हणाल तर मॅटवर बोट लावू नका, तेलकट ठसा खडबडीत पृष्ठभागात बसतो आणि तिथे चमकणारा डाग दिसतो. खाऱ्या हवेत धूळ चिकट होते, ती आधी ब्रशने झाडा, मग मायक्रोफायबरला थेंबभर पाणी लावून हलक्या हाताने पुसा. काचेचा स्प्रे सरळ स्क्रीनवर कधीच नको, तो खालच्या कडेतून आत उतरतो.